आमच्या चाळीतला समेट कुणी केला

परवा संध्याकाळी टीव्हीवर पुन्हा तेच चाललं होतं. कुठल्या तरी दोन देशांनी एकमेकांवर बॉम्ब टाकायचे थांबवले होते, आणि इथे चौकटीचौकटींत बसलेली माणसं घसा फोडून भांडत होती की हे थांबवलं कोणी. एकाच्या मते त्यांच्या साहेबांच्या कणखरपणामुळे थांबलं. दुसऱ्याच्या मते परदेशातल्या एका अध्यक्षाने फोन केला म्हणून थांबलं. ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडले त्यांच्यापैकी कोणी त्या चौकटींत नव्हतं. आमचे जावई सोफ्यावर मांडी घालून बसले होते. मला म्हणाले, "आई, तुम्ही सांगा. क्रेडिट कोणाला द्यायचं?"

मी म्हटलं, मला भाजी चिरायची आहे. भाजी केव्हाच चिरून झाली होती. पण या प्रश्नाने माझं डोकं फिरतं, आणि जावयासमोर डोकं फिरलेलं बरं दिसत नाही. मी आत जाऊन उगीच ओटा पुसत राहिले. मुलगी आत येऊन म्हणाली, काय झालं गं, ते सहज विचारत होते. सहजच विचारतात सगळे. आमच्या चाळीतही लोक सहजच विचारत होते, समेट कुणी केला म्हणून, आणि त्या सहज विचारण्यापायी माझ्या बापाची एकच इच्छा होती ती राहून गेली.

ही गोष्ट मिलच्या संपातली आणि त्यानंतरची. आमची चाळ चिंचपोकळीहून लालबागकडे येताना लागायची. आता तिथे टॉवर आहे आणि त्यातच माहेरच्या खोलीच्या बदल्यात मला ही खोली मिळाली आहे, म्हणजे पत्ता तोच, फक्त शेजार नाही. तेव्हा चाळीत घरटी एक माणूस मिलमध्ये होता. माझे बाबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, आणि त्यांच्या शेजारच्या साच्यांवर बुवा. बुवा हे काही त्यांचं नाव नव्हे. बाबा आणि ते एकाच गावचे, कोकणातले. सोमवारच्या भजनात ते पुढे बसून गायचे म्हणून सगळी चाळ त्यांना बुवा म्हणायची. बाबा मृदंग वाजवायचे. मिलमध्ये शेजारी, भजनात शेजारी, आणि जिन्यावरून चढताना बडबडही शेजारीशेजारीच चालायची. आई म्हणायची, लग्न माझ्याशी केलं आणि संसार बुवांशी चाललाय.

संप लांबला. किती लांबला ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो मागे घेतला असं आजपर्यंत कोणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही. आधी दागिने गेले, मग भांडी, मग माणसं गावी गेली. दुसऱ्या वर्षी मिलच्या मालकांनी पोलिसांच्या पहाऱ्यात गाड्या सोडल्या आणि काही जण कामावर जाऊ लागले. त्यांना 'आत गेलेले' म्हणायचे. उरलेले 'बाहेरचे'. हे दोन शब्द तेव्हा जातींसारखे वापरत. बाबा आत गेले. का गेले ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. घरात काय शिजत होतं ते आम्हाला दिसत होतं.

पहिल्याच दिवशी नाक्यावर त्यांना अडवलं. अडवणाऱ्यांत बुवा पुढे होते. बाकीच्यांनी शिव्या घातल्या. बुवांनी एक शब्द न बोलता बाबांच्या हातातला डबा हिसकावला, उघडला आणि रस्त्यावर पालथा केला. आईने त्यात भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली होती. संध्याकाळी बाबा रिकामा डबा घेऊन घरी आले आणि मोरीवर बसून त्यांनी तो स्वतः घासला. एरवी त्यांनी कधी भांड्याला हात लावला नव्हता.

त्यानंतर आम्हाला वाळीत टाकलं, असं कोणी म्हटलं नाही. फक्त नळावर आईचा हंडा शेवटी सरकू लागला आणि तिची पाळी यायच्या आत पाणी जाऊ लागलं. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली ती आमचं दार सोडून पुढे गेली. एरवी वर्गणीवाले दिसले की लोक आतून कडी लावतात. त्या वर्षी आई दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसली होती, आणि पोरं तिच्याकडे न बघता पलीकडच्या खोलीत शिरली. मला आजही ती पोरं रस्त्यात दिसली, आता त्यांची डोकी पिकलीत, तरी मी ओळख देत नाही.

सोमवारचं भजनही बंद पडलं. मृदंग आमच्या खुंटीवर आणि बुवा त्यांच्या खोलीत. मग सोडावॉटरच्या बाटल्या सुरू झाल्या. आमच्या मजल्यावरून खाली, खालून वर. बाहेरच्यांपैकी एकाचं डोकं फुटलं, आत गेलेल्यांपैकी एकाचा हात मोडला. दोन्हीकडून चौकीत तक्रारी पडल्या. माझा धाकटा भाऊ तेव्हा शाळेत जायचा तो गॅलरीच्या भिंतीला चिकटून. चाळीत राहणं म्हणजे काय असतं, तर दाराला कधी कडी नसते. आमच्याकडे दिवसाढवळ्या कडी लागायला लागली.

अशात बुवांची आई वारली.

तिला सगळे आये म्हणायचे. ऐन उमेदीत तिने खाणावळ चालवली होती. गावाहून आलेली बिनबायकांची माणसं तिच्याकडे जेवायची. बाबा मुंबईत आले तेव्हा पहिली कित्येक वर्षं तिच्याच हातचं जेवले होते. ताप आला तर तीच पेज करून द्यायची. ती गेल्याचं कळलं तेव्हा बाबा पाळीवर जायला निघाले होते. ते परत आत आले आणि भिंतीला टेकून बसले. खाली रडण्याचा आवाज चालला होता. आमच्याकडे मयत झालं की पुढे भजन लागतं. मुक्याने कोणाला न्यायचं नसतं, आणि आयेला तर नाहीच नाही. खालून नुसत्या टाळांचा आवाज येऊ लागला. मृदंगाशिवाय टाळ फार उघडे वाटतात. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि आईला म्हणाले, "थोडी कणिक मळ."

 मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणिक लावल्याशिवाय तो घुमत नाही. पिठाच्या डब्यात तळाला जे होतं त्यातलं मूठभर तिने मळून दिलं. बाबांनी खुंटीवरचा मृदंग काढला, पुसला, कणिक लावली आणि गळ्यात अडकवून ते जिना उतरले. मी आणि आई गॅलरीत उभ्या राहिलो. खरं सांगते, मला वाटलं होतं आता यांना मारतात.

टाळ थांबले. कोणीतरी ओरडलं, ह्येका कोणी बोलवल्यान? बुवा तिरडीपाशी उभे होते. डोळे सुजलेले. त्यांनी बाबांकडे बघितलं, मृदंगाकडे बघितलं, त्या ओल्या कणकेकडे बघितलं. मग म्हणाले, "वाजव." एवढंच. बाबांनी थाप दिली आणि बुवांनी आवाज लावला. तिरडी उचलताना बुवा पुढच्या उजव्या दांडीला होते. मागच्या माणसाला त्यांनी हाताने बाजूला केलं आणि मानेने बाबांना खूण केली. बाबांनी मृदंग दुसऱ्याच्या गळ्यात दिला आणि खांदा दिला. अख्खी चाळ बघत होती. आत गेलेल्या माणसाला बाहेरच्याने आपल्या आईला खांदा द्यायला बोलावलं, तेही स्वतःच्या मागे.

परत आल्यावर दोघे चौकात नळाखाली पाय धूत होते. बुवा म्हणाले, "तुझ्या टायमाक मी." बाबा म्हणाले, "आणि तुझो टायम आधी इलो तर?" "मगे तू." दोघे हसले. आयेची चिता अजून विझली नसेल, आणि हे दोन बाप्ये नळाखाली हसत होते. 

समेट तो. दुसऱ्या दिवशी नळावर बुवांच्या बायकोने आपला हंडा बाजूला घेतला आणि आईला म्हणाली, भरा वयनी. संध्याकाळी दोन्हीकडची कर्ती माणसं चौकात बसली आणि ठरलं, बाटल्या बंद, तक्रारी मागे घ्यायच्या, वर्गणी सगळ्यांकडून घ्यायची. कुठे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आता पुढारी आले.

पहिले आले ते शालवाले. उन्हाळ्यातही खांद्यावर शाल. गल्लीच्या तोंडाशी त्यांची कचेरी होती. वर्षभर आमच्या डोक्यावरून बाटल्या उडत होत्या तेव्हा कचेरीचं शटर अर्धं खाली असायचं. आयेच्या बाराव्याला ते फोटोग्राफर घेऊन आले. बुवांचा एक हात आणि बाबांचा एक हात आपल्या दोन हातांत धरून मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, झालं गेलं विसरा. झालं गेलं विसरून बारा दिवस झाले होते. फोटो पेपरात आला. खाली छापलं होतं की अमुकांच्या मध्यस्थीने गिरणगावातील चाळीत समेट.

ते वाचून गॉगलवाले खवळले. हे दुसरे पुढारी संपाच्या बाजूचे. घरातसुद्धा काळा गॉगल लावायचे, डोळ्यांना काही झालं होतं म्हणत. चौकीतल्या तक्रारी मागे घ्यायला लोक गेले तेव्हा फौजदार भेटेना, म्हणून गॉगलवाल्यांनी एक फोन केला होता. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. फोन केला नसता तर आणखी चार खेटे पडले असते. पण त्यांची माणसं आता सांगू लागली की समेट साहेबांनी आधीच ठरवला होता, मयताचं फक्त निमित्त झालं. आयेचं मरण हे निमित्त! जी बाई अर्ध्या चाळीच्या तोंडात घास घालून मेली तिला यांनी निमित्त करून टाकलं.

आणि वाद पेटला. चहाच्या दुकानात, न्हाव्याकडे, संडासाच्या रांगेत, जिथे जाल तिथे एकच. शालवाल्यांचं म्हणणं, साहेबांनी हातात हात दिले म्हणून चाळ वाचली. गॉगलवाल्यांचं म्हणणं, साहेबांनी फोन केला नसता तर ते हात बेड्यांत असते. तळमजल्यावरच्या मास्तरांनी तर पानिपतापासूनचे सगळे तह काढले आणि प्रत्येक तहात खरं श्रेय कोणाचं ते सांगू लागले. माणसं बेकार होती, वेळ भरपूर होता. हळूहळू लक्षात यायला लागलं की आत गेलेले आणि बाहेरचे हे गट मोडले आहेत, आणि त्यांच्या जागी शालवाले आणि गॉगलवाले असे नवे गट झाले आहेत. निदान पहिलं भांडण पोटाचं तरी होतं.

आमच्या चाळीच्या तोंडाशी एक फळा असायचा. मंडळाचं काही असलं की त्यावर खडूने लिहायचे. सभा, सत्यनारायण, आणि मयत असलं तर अंत्ययात्रा किती वाजता निघणार ते. येणारा-जाणारा वाचायचा आणि पुढे जाऊन आणखी चौघांना सांगायचा. आमच्या भागातल्या माणसाला कोण गेलं आणि कधी नेणार हे फळ्यावरूनच कळायचं. वादानंतर तिथे दोन फळे झाले. एकाच्या वर शालवाल्यांचं नाव, दुसऱ्याच्या वर गॉगलवाल्यांचं. सत्यनारायण एकच, पण दोन फळ्यांवर दोन निमंत्रक.

समेटाचा वाढदिवससुद्धा व्हायला लागला. हसू नका, खरंच व्हायचा. एकाच आठवड्यात दोन कार्यक्रम. दोन्हीकडे बाबांना आणि बुवांना स्टेजवर बसवायचे आणि नारळ द्यायचे. पहिल्या वर्षी दोघांनी मजा घेतली. बुवा आईला म्हणाले होते, वयनी, दोन नारळ मिळाले, आता एक भांडण आणखी करतो. कोणी त्यांना एकदाही विचारलं नाही की बाबांनो, तुमच्यातलं नेमकं कसं मिटलं. विचारलं असतं तर कार्यक्रमच रद्द करावा लागला असता.

मग एका वर्षी गॉगलवाल्यांच्या कार्यक्रमात बुवांच्या हातात माइक दिला. बुवांना मिलने परत घेतलं नव्हतं. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या चाळीत जो समेट झाला तो साहेबांमुळे झाला, साहेब नसते तर आम्ही एकमेकांचे जीव घेतले असते. टाळ्या पडल्या. बाबा त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. मी वर गॅलरीत, माझ्या अंगाची लाही झाली. पुढच्या महिन्यात बुवांना कॉटन ग्रीनला एका गोदामावर वॉचमनची नोकरी लागली.

घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, काय हा माणूस, तोंड वर करून खोटं बोलला. बाबा शर्ट खुंटीला लावत होते. म्हणाले, "पोटासाठी बोललो तो. मी पण पोटासाठीच आत गेलंय. तेव्हा त्येने माका समजून घेतल्यान, आता मी त्येका घेतंय." मग मृदंगाची धूळ पुसत बसले. मला बाबांचा हा समजूतदारपणा तेव्हा आवडला नव्हता, आणि आताही फारसा आवडत नाही. पण तो त्यांचा होता.

नोकरीमुळे बुवांना गोदामावरच राहावं लागायचं. सोमवारी यायचे, भजनाला बसायचे, पहाटे जायचे. इकडे बाबांची मिलही बंद झाली. ज्यांनी पोलिसांच्या गाडीत बसून कामावर जाऊन शिव्या खाल्ल्या त्यांनाही मिलने तसंच वाऱ्यावर सोडलं. आत गेलेले आणि बाहेरचे शेवटी एकाच फुटपाथवर येऊन उभे राहिले. बाबांच्या छातीत कापसाची धूळ बसली होती ती काही गेली नाही. खोकत जिना चढायचे, मग चढेनासे झाले. मी तेव्हा लग्न होऊन दादरला होते. त्यांचं वाढलं तशी माहेरी येऊन राहिले.

शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं, पण एक गोष्ट ते मला आणि भावाला पुन्हा पुन्हा सांगत. गडबड करू नका. गाववाल्याची वाट बघा. त्येने सांगल्यान हा माका. गाववालो म्हणजे बुवा. दुसरी काही इच्छा त्यांनी सांगितली नाही. गावी न्या म्हणाले नाहीत, हे दान करा ते दान करा म्हणाले नाहीत. त्यांना फक्त तो खांदा हवा होता. डबा पालथा केला त्या माणसाचा खांदा. तो मिळाला की आपण आत गेलो होतो ते पुसलं जाईल असं त्यांना वाटत असावं. मला ते कळत होतं, म्हणून मी होय म्हणाले.

बाबा उजाडताना गेले. भावाने दुकानातून गोदामावर फोन लावला. बुवांना बदली माणूस दुपारी मिळणार होता. आई म्हणाली, मग चार वाजता काढू. शालवाल्यांची पोरं आली होती, त्यांनी आपल्या फळ्यावर चार लिहिलं. त्याच वेळेचा निरोप बुवांना गेला. सगळं नीट ठरलं होतं. बाबांना अंघोळ घालून पांढरं वस्त्र घातलं, आणि आम्ही बसून राहिलो.

मग गॉगलवाल्यांची पोरं वर आली. म्हणाली, साहेब स्वतः येणार आहेत. पण दुपारी साहेबांची पुण्याला सभा आहे, तेव्हा अकराला काढू. त्यांनी येतानाच आपल्या फळ्यावर अकरा लिहून टाकलं होतं. भाऊ म्हणाला, बुवा यायचेत. आई म्हणाली, त्यांनी सांगितलंय थांबायला. त्यावर त्यांच्यातला एक, ज्याने लहानपणी वर्गणी मागताना आमचं दार सोडलं होतं तोच, म्हणाला, "काकी, एका माणसासाठी बॉडी किती ठेवणार? साहेब आहेत ना खांदा द्यायला. चाळीतला समेट त्यांनीच केलाय."

मी म्हटलं, तुम्ही खाली जा. मी म्हटलं, चार म्हणजे चार. मला वाटलं शालवाल्यांची पोरं तरी माझ्या बाजूने उभी राहतील, चार त्यांनीच लिहिलं होतं. ती खाली धावली ती थेट कचेरीत. गॉगलवाले खांदा देणार म्हटल्यावर त्यांचे साहेब मागे कसे राहणार. तेही अकराच्या आत हजर. गाडी पाठवून बुवांना आणतो असं दोन्हीकडच्यांनी सांगितलं, आणि दोन्हीकडच्यांनी पाठवली नाही. शालवाल्यांच्या फळ्यावरचं चार मात्र कोणी पुसलं नाही.

आमचं कोणी ऐकलं नाही, अकराला तिरडी चौकात आली. पुढच्या दोन दांड्या दोन पुढाऱ्यांनी धरल्या. उजवी कोणाची यावरून थोडी ढकलाढकली झाली, बाबा हलले, आईने वरून तोंडावर पदर दाबला. फोटो निघाला. नाक्यापर्यंत दोघे चालले, तिथे गाड्या उभ्या होत्या. भजन नव्हतं. मृदंग वाजवणारा माणूस खांद्यावर होता आणि गाणारा कॉटन ग्रीनला.

मयत गेल्यावर घर धुवायचं असतं. आई उठत नव्हती, म्हणून मी आणि बुवांच्या बायकोने खोली धुतली, मग गॅलरी धुतली. पाणी गॅलरीच्या कडेवरून खाली चौकात गळत होतं. मी खराटा घेऊन वाकले होते तेव्हा खाली बुवा दिसले. चार वाजायला खूप अवकाश होता. बदली माणूस लवकर आला म्हणून ते तसेच पायी निघून आले होते. धुतलेला पांढरा सदरा, आणि उजव्या खांद्यावर घडी घातलेला पंचा. दांडी खुपू नये म्हणून ठेवतात तसा. ते चौकाच्या मध्यावर थांबले आणि त्यांनी वर बघितलं. मला नाही, गळणाऱ्या पाण्याला बघितलं.

मग कोणाला काही न विचारता ते वळले आणि भोईवाड्याच्या स्मशानाच्या दिशेने धावत सुटले. वय झालं होतं त्यांचं. एक चप्पल नाक्यावर राहिली, ती मागून कोणीतरी आणून दिली. ते पोहोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. आत आले नाहीत, उंबऱ्यावरच बसले, वर्गणीच्या वेळी आई बसली होती तिथेच. पंचा अजून खांद्यावर होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. खाली चौकात दोन्हीकडची पोरं भांडत होती. दांडीला आधी कोणत्या साहेबांचा हात लागला, यावर. आवाज वर स्पष्ट येत होते. आईने बुवांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. तसंच बसून विचारलं, खांदो कोणी दिल्यानी. भावाने सांगितलं, पुढे दोघे साहेब होते.

 बुवांनी पंचा खांद्यावरून काढला आणि दोन्ही हातांवर धरला.

"मगे माझो ह्यो खांदो मी खंय ठेवू, वयनी?"

आईने त्यांच्या हातातून पंचा घेतला आणि मृदंग टांगला होता त्या खुंटीवर ठेवला.